एक जागा, दोन नवरे

आमच्या चर्चमध्ये वडिलांची एक जागा रिकामी झाली. वडील म्हणजे पाळकांच्या बरोबरीनं मंडळी सांभाळणारा माणूस. नावं दोनच पुढे आली: आमचे हे, म्हणजे शिंपी, आणि तो बेकरीवाला.

अहो, कुठे आमचे हे आणि कुठे तो! पण बेकरीवालीचा तोरा बघावा. पाळकांच्या घरी गरम पाव काय नेते, आजाऱ्यांच्या उशाशी काय बसते! सगळ्या बायका तिच्याच भोवती. यांनी पाळकांचा झगा फुकट शिवून दिला, त्याचं कुणाला काही आहे का? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

निवड होते ती जुन्या काळी एका प्रेषितानं आपल्या शिष्याला लिहिलेल्या पत्रावरून. वडील दारूच्या नादी लागलेला नसावा, भांडखोर नसावा, घर नीट चालवणारा असावा. मला सगळं तोंडपाठ. हे काज करत बसले की मी म्हणून दाखवायची.

आणि मी वाईट काय केलं? बेकरीवाल्याच्या अंगाला आंबूस वास येतो, एवढंच सुताराच्या बायकोला म्हटलं. मग नर्सबाईंना. मग पाळकांच्या सासूबाईंना.

"अगं, पिठाचा असेल," सासूबाई म्हणाल्या.

"असेल बाई. पण पिठानं माणूस झोकांड्या खातो होय?"

रविवारी पाळकांनी ते पत्र वाचायला घेतलं. मी त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते. पण या वेळी ते थांबलेच नाहीत, पुढे घरच्या बायकांविषयी वाचू लागले. बाईनं पोक्तपणे वागावं, कुणाच्या पाठीमागे चहाड्या करू नयेत. एवढं मी कधी पाठच केलं नव्हतं. सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग सुताराच्या बायकोनं, मग सगळ्यांनीच.

हे उठले. मापाची पट्टी गळ्यात तशीच राहिली होती.

"माझं नाव काढा," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसले.

तेवढ्यात बेकरीवाली सरकत माझ्याशेजारी आली आणि तिनं माझा हात हातात घेतला. "रडू नका, वहिनी."

असा संताप आला म्हणून सांगू! जागा तर गेलीच, वर चांगुलपणाही हिनंच मिरवायचा? हात झटकणार होते. पण यांनी मान खाली घातली होती, आणि अख्ख्या चर्चमध्ये माझा हात धरणारी ती एकटीच होती.