शांताचा हात

आकांक्षाचं लग्न झालं त्या वर्षी, हळदीच्या चार दिवस आधी, शांताने तव्यावरची भाकरी बोटांनी उलटली आणि तोच हात नवऱ्याच्या कपाळावर ठेवला.

"कणकण वाटता गो," कुशाबा म्हणाले.

"गार आहात. लग्नाची कामं दिसली की बरोबर तुमचं अंग मोडतं."

कुशाबा हसले. डिलाईल रोडच्या त्या चाळीत शांता खाणावळीचे डबे करायची. दिवसभर तिचे हात तव्याशी. पोरांचा ताप बघायलाही बायका तिच्याकडेच येत.

"थर्मामीटर मागवते, दहा मिनिटांत येईल," आकांक्षा म्हणाली.

"आईचा हात असताना? पैसे जास्त झाले काय तुला?" शांता म्हणाली.

पुढचे तिन्ही दिवस शांताने भाकऱ्या थापता थापता त्यांचं कपाळ पाहिलं. गारच लागलं.

हळदीच्या दिवशी शेजारणींनी तिला शेगडीपासून उठवलं. नवरीच्या आईने आज भाकऱ्या भाजायच्या नाहीत. शांता मोरीत तांदूळ धुऊन खोलीत आली. कुशाबा अजून पडूनच होते. तिने ओला हात कपाळाला लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

ती शेगडीपाशी गेली. तापल्या तव्यावर तळवे धरले, रोज तापतात तितके तापू दिले. परत येऊन हात ठेवला.

कपाळ गार लागलं.

शांता खाटेच्या कडेला बसली. बराच वेळ तिने हात मांडीवर उलटे ठेवले होते. मग आकांक्षाला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं.

नाक्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली.

"ताप कधीपासून आहे?"

शांताने तोंड उघडलं. कुशाबांनी पांघरुणातून हात काढून तिचं मनगट धरलं.

"आज सकाळपासून," ते म्हणाले. "काल मांडववाल्याशी भांडून आलो, इतका ठणठणीत होतो."

आकांक्षा आईकडे बघत राहिली.

"मग सध्या गोळ्या देतो. तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासू."

मनगटावरची पकड सुटली नव्हती.

"चहा घेणार ना, डॉक्टर?" शांताने विचारलं.

रविवारी लग्न लागलं. कुशाबा मंगळवारी पहाटे वारले.