भावोजींनी उडवलेली दोनशे पानं

भावोजी दुकानात शिरले ते लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, पोटाशी धरून. टॉवेल बघूनच मी हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्या रिपेअरच्या दुकानात लोक लॅपटॉप बॅगेतून आणतात. टॉवेलातून आणणारा माणूस घरी काहीतरी उद्योग करून आलेला असतो.

"तुझ्या ताईला कळता कामा नये," बसायच्या आधीच ते म्हणाले.

"काय केलंत?"

"काही नाही गं. लिनक्स टाकलं."

"ताईच्या लॅपटॉपवर?"

"विंडोज काढलं नाहीये! दोन्ही शेजारी शेजारी. चालू करताना आपण निवडायचं, हे की ते. तिचा लॅपटॉप फार रखडतो, म्हटलं जरा पळायला लागेल. तो व्हिडिओतला माणूस म्हणाला, वीस मिनिटांचं काम आहे."

त्या व्हिडिओतल्या माणसाला मला एकदा समोरासमोर भेटायचंय. त्याच्या वीस मिनिटांवरच माझं दुकान चालतं.

मी बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर एक पांढरी ओळ: सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही. लिनक्स नाही, विंडोजही नाही.

"यात तिचं पुस्तक आहे," भावोजी म्हणाले.

ते मला माहीत होतंच. ताईने तीस वर्षं हॉस्पिटलात काढली, त्यातली निम्मी नव्या नर्सना शिकवण्यात. निवृत्त झाली तेव्हा नर्सिंग स्कूलच्या प्रिन्सिपॉलबाई म्हणाल्या, हे सगळं लिहून द्या, आम्ही छापतो. दोन वर्षं ताई रोज दुपारी दार लावून लिहीत होती. दोनशे पानं झाली, असं भावोजी सांगायचे, आणि आज पाच वाजता ती बाईंना दाखवायची होती. लॅपटॉप साफ करून आणतो, असं सांगून भावोजी सटकले होते. चार वाजता ताई दुकानात येऊन तो घेणार होती. घड्याळात पावणेदोन झाले होते.

"बॅकअप घेतला होतात?"

"अर्थात! मी काय वेडा आहे? पुस्तकाची फाइल आधी पेनड्राइव्हवर कॉपी केली."

"द्या तो."

त्यांनी दिला. मी लावून पाहिला. पेनड्राइव्हवर लिनक्सचा इन्स्टॉलर होता आणि दुसरं काहीही नव्हतं.

"भावोजी, इन्स्टॉलर याच पेनड्राइव्हवर टाकलात?"

"मग? दुसरा कशाला वाया घालवायचा?"

"टाकताना तो विचारतो, आतलं सगळं पुसू का म्हणून."

"हो, विचारलं ना. मी म्हटलं, पूस."

मी कपाळाला हात लावला. हा माणूस पस्तीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होता. एका वस्तूकडून दोन कामं करून घेणं आणि बारीकसारीक तुकडे दिसले की भंगारात काढणं, या दोन गोष्टी त्याच्या हाडात मुरल्यात. त्यामुळे पुढचा प्रश्न मी जरा घाबरतच विचारला.

"डिस्कवर जागा करताना काही काढून टाकलंत?"

"एक शंभर एमबीचा तुकडा होता. एवढासा! पाचशे जीबीच्या डिस्कवर तो कशाला लुडबुडतोय? म्हटलं, अडगळ आहे."

"ती अडगळ नव्हती, भावोजी! चालू झाल्यावर कुणाला उठवायचं हे मशीनला त्या तुकड्यातून कळतं. घर जागेवर आहे, तुम्ही दरवाजाच उखडून भंगारात दिलात."

"पण घर आहे ना?" त्यांनी एवढंच ऐकलं.

"बघते. तुम्ही त्या स्टुलावर बसा आणि कशालाही हात लावू नका. त्या स्क्रूंनासुद्धा."

त्यांनी हात मांडीखाली दाबून घेतले.

मी त्यांच्याच पेनड्राइव्हवरून लॅपटॉप उठवला. लिनक्स तसंच, डिस्कला न शिवता चालवता येतं. विंडोजचा भाग उघडला आणि सगळं जिथल्या तिथे दिसलं: लग्नांचे फोटो, पेन्शनचे कागद, आणि 'पुस्तक' नावाची फाइल.

"सापडली!" भावोजी ताडकन उठले. "उघड, उघड! मी कधी उघडली नाही. तिने ताकीद दिली होती."

मी उघडली. अकरा पानं होती.

"पुढची?"

पुढची नव्हती. मी सगळी डिस्क धुंडाळली, कचऱ्याची टोपली उपसली, डिस्क तपासून घेतली. ठणठणीत होती. मग फाइलची तारीख बघितली. शेवटचा बदल चौदा महिन्यांपूर्वीचा.

काही हरवलंच नव्हतं. पानं पहिल्यापासून अकराच होती.

"मी उडवली," भावोजी पुटपुटले. "एकशे एकोणनव्वद पानं उडवली." हिशेबाला माणूस पक्का. मग त्यांनी तोंड टॉवेलात खुपसलं.

आता आली का पंचाईत! सांगावं तर ताई उघडी पडते. न सांगावं तर हा बिचारा जन्मभर त्या टॉवेलातून बाहेर येत नाही. "थांबा, अजून बघते," असं म्हणत मी कामाला लागले. जिथला तुकडा गेला होता तिथे नवा तुकडा केला, त्यात दोन्हींच्या सुरुवातीच्या फाइली पुन्हा बसवल्या. साडेतीनला यादी उमटली: लिनक्स, विंडोज. निवडा. भावोजींनी बघितलंसुद्धा नाही.

चारला ताई आली, इस्त्रीची साडी नेसून. भावोजी तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. लिनक्स, पेनड्राइव्ह, शंभर एमबी, काही लपवलं नाही. "अकरा पानं उरलीत," ते म्हणाले. "बाकीची मी घालवली. तुझी दोन वर्षं घालवली मी."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मला माहीत आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं.

"जाऊ दे," ती हळूच म्हणाली. "पुन्हा लिहीन. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

माझं डोकंच फिरलं. असं आयतं मोठं मन! मी तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजींनी खिशातून फोन काढून नंबर लावला.

"कोणाला?" ताई दचकली.

"प्रिन्सिपॉलबाईंना. तुझा काही दोष नाही, हे मीच सांगतो. मी येऊन माफी मागतो त्यांची. हॅलो, बाई? मी एक गाढव बोलतोय..."

ताईने झडप घालून फोन घेतला. "बाई, मी बोलतेय. अकराच पानं झालीत. नाही, काही बिघडलं नाही. मी लिहिलीच अकरा. हो... हो, तीच घेऊन येते."

तिने फोन त्यांच्या हातात परत दिला. भावोजी स्टुलावर टेकले.

"म्हणजे मी एकही पान उडवलं नाही?"

"नाही."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची पापी घ्यावीशी वाटली. मग हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"मग दार लावून करत काय होतीस?"

"पत्ते खेळत होते. कॉम्प्युटरवर. लिहायला बसलं की हात चालायचा नाही. आणि तुम्ही जो भेटेल त्याला सांगत सुटलात, शंभर झाली, दीडशे झाली! मी आकडा दिला होता का कधी?"

"मला सांगायचंस ना."

"लाज वाटली."

भावोजींनी टॉवेलाची घडी घालायला घेतली. "दोन वर्षं," ते म्हणाले, "दोन वर्षं मी दुपारच्या सगळ्या मॅच आवाज बंद करून बघितल्या. गोल झाला की तोंडावर उशी दाबून ओरडायचो. आत तू लिहितेयस म्हणून."

ताईचे डोळे भरून आले. "मला ऐकू यायचं हो," ती म्हणाली. "उशीतूनसुद्धा ऐकू यायचं. म्हणून तर सांगता येईना."