घंटेआधीचा गोळा

ओदिल शाळेची बस चालवायची. एप्रिलमध्ये हिम पडायचे दिवस आले, की पहाटे बस तापत ठेवून ती आत जपमाळ घेऊन बसे आणि चर्चची घंटा होईपर्यंत गावच्या द्राक्षवेलींसाठी प्रार्थना करी. नवरा गेला त्या वर्षी घेतलेलं हे व्रत तिनं कधी मोडलं नव्हतं.

थंडीनं कोवळे कोंब करपू नयेत म्हणून मळेवाले वेलींच्या ओळींत मेणाचे डबे पेटवत, आणि वरची उबदार हवा खाली ढकलायला भाड्याचं हेलिकॉप्टर आणत. सूर्य उगवायच्या आत ते उडवायला मात्र बंदी. म्हणून सूर्य वर आला की घंटा आणि घंटेनंतरच हेलिकॉप्टर, असा गावचा शिरस्ता.

एका पहाटे धुक्यावर एक तांबूस गोळा लटकलेला ओदिलला दिसला. बसच्या घरघरीत घंटेखेरीज दुसरं काही ऐकू येत नसे, आणि घंटा अजून झाली नव्हती. गोळा शाळेच्या रस्त्याकडे उतरला, तशी काही कोसळलं की काय, या धास्तीनं तिनं पोलिसांना कळवलं. पोलिसांनी ते आकाशातल्या अनोळखी वस्तूंची चौकशी करणाऱ्या खात्याकडे धाडलं. तिथले कोलिनोसाहेब येईपर्यंत गावानं त्याला ‘ओदिलची उडती तबकडी’ करून टाकलं होतं.

चौकशीच्या सकाळी धाकटा दीर तिबो स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याचाही मळा होता.

“वहिनी, साहेबांना एवढंच सांग, घंटा झाली होती. मग ते हेलिकॉप्टर ठरतं. फाइल बंद, तुझी बस चालू.”

“घंटा झाली नव्हती.”

“विसरली असशील.”

“जपात होते मी. घंटेची वाट बघत बसलेलं माणूस घंटा विसरतं होय रे?”

“हट्ट केलास तर डोळे अधू म्हणतील, नाहीतर डोकं फिरलंय म्हणतील. अशा बाईच्या हाती पोरं कोण देईल?”

ओदिलनं त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवली. तो वर बघेना, तेव्हा तिला उमगलं: तो गोळा म्हणजे मळेवाल्यांनी घंटेआधीच उडवलेल्या हेलिकॉप्टरचा दिवा होता.

“तुमच्याच वेलींसाठी माळ ओढते मी, तिबो. त्याच माळेवर खोटं बोलायला सांगतोस?”

ग्रामपालिकेत मळेवाले भिंतीला टेकून बसले होते. कोलिनोंनी विचारलं, “घंटेआधी कुणी हेलिकॉप्टर उडवलं होतं?”

“छे, साहेब,” म्हातारा गास्पारां म्हणाला. “घंटेआधी आमच्याकडे कोंबडासुद्धा उडत नाही. ओदिलकडे मंगळावरचे पाहुणे येत असतील, तर आम्हाला काय ठाऊक?”

सगळे हसले. ओदिलचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

“मी तबकडी म्हटलंच नाही. गोळा पाहिला, घंटेआधी पाहिला. तो काय होता हे शोधणं तुमचं काम, साहेब.”

कोलिनोंनी मळेवाल्यांवरून नजर फिरवली. “बाईंनी गोळा पाहिला तेव्हा घंटा झाली नव्हती, असं आणखी कुणी सांगेल?”

तिबो बुटांकडे बघत राहिला.

“मग बाई, मला तुमची साक्ष ‘संशयास्पद’ अशी लिहावी लागेल. पोलीस ते बस कंपनीला कळवतील. डोळ्यांची तपासणी होईपर्यंत गाडी मिळणार नाही.”

“लिहा,” ओदिल म्हणाली. “संशयास्पद चालेल मला. खोटारडी नको.”

किल्ल्या तिनं स्वतःच टेबलावर ठेवल्या.

मे महिन्यात, ‘हिमसंत’ म्हणतात त्या संतांच्या सणांच्या दिवसांत, पुन्हा कडाक्याची थंडी उतरली. त्या पहाटे ओदिल शाल पांघरून बसथांब्याच्या बाकावर माळ घेऊन बसली. खाली मळ्यात मेणाचे डबे जळत होते. हेलिकॉप्टर उभं होतं, पाती मात्र थांबलेली.

तिबो चढण चढून आला. “वहिनी, घरात बसून कर की जप. गारठशील.”

“इथून आभाळ चांगलं दिसतं.”

तो खाली गेला. “चालू करायचं का?” कुणीतरी त्याला विचारलेलं तिला ऐकू आलं.

“ती वर बसलीय,” तिबो म्हणाला.

खिशात हात घालून, पाय आपटत, सगळे मळेवाले घंटाघराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या वेलींसाठी ओदिलनं एकेक मणी ओढला, जराही घाई न करता.

घंटा झाली. तिनं माळेला ओठ लावले, मान वर केली आणि हेलिकॉप्टर चढताना नीट पाहून घेतलं. मग ती उठली. डॉक्टरकडे डोळे दाखवायला जायचं होतं.