बिनमिरचीचं कालवण

सयाजी एडिंबरोहून गुरांचा डॉक्टर होऊन पोलादपूरच्या वरच्या वाडीत परतला, तेव्हा घरात पाऊल टाकताच त्याला दोन बातम्या कळल्या. एक म्हणजे म्हैस व्यायली होती. दुसरी, रविवारच्या राखणीला त्याचं पान मांडायचं की नाही, ते गावकी ठरवणार होती.

राखण म्हणजे शिवेवरच्या देवाला दिलेला बोकड. तो पुरुषांनीच शिजवायचा, शिवेवरच पंगत बसवून संपवायचा आणि घरी एक फोडसुद्धा न्यायची नाही. ज्याचं पान त्या पंगतीतून उठलं, त्याच्या घरच्या लग्नाला कुणी जात नाही, मयताला खांदा देत नाही. घरात सयाजी आणि त्याची आई सगुणाबाई अशी दोनच माणसं. आई म्हातारी झाली होती, तेव्हा सयाजीला घोर लागला तो उगाच नाही.

परमुलखाचं अन्न खाल्ल्याचा गुन्हा त्यानं स्वतःच लिहून दिला होता. एडिंबरोत एका म्हातारीच्या घरी सहा विद्यार्थी भाड्यानं राहत. दर शनिवारी एकानं आपल्या मुलखाचं जेवण रांधायचं आणि बाकीच्यांनी हादडायचं, असा त्यांचा नेम होता. आयर्लंडचा डेस्मंड मटण-बटाट्याचं कालवण करी, इजिप्तचा हबीब मसूरभात करी, आणि ब्रह्मदेशचा बा थेन नारळाच्या रसात शेवया शिजवी. मग टेबलं भिंतीला लावून नाच. सयाजीला रांधता येत होतं ते फक्त राखणीचं मटण. त्याच्या पहिल्या शनिवारी डेस्मंड ढसाढसा रडला, पाणी प्यायला आणि पुन्हा वाडगा पुढे केला. हे सगळं सयाजीनं मोठ्या हौसेनं, कृतीसकट, आईला लिहून कळवलं. आईला अक्षरओळख नव्हती. तिनं प्रत्येक पत्र देवळाच्या पायरीवर मास्तरांकडून वाचून घेतलं, आणि अख्खी वाडी कान देऊन ऐकत बसली.

"अगं, दार लावून वाचून घ्यायचं नाही का?" सयाजी वैतागून म्हणाला.

"मास्तर देवळापाशीच बसतो," आई म्हणाली. "त्याला घरात कशाला बोलवू?"

सयाजीनं कपाळावर हात मारला. इतकी भोळी आई आपल्याच वाट्याला का यावी, असं त्याला त्या घटकेला खरंच वाटलं.

शनिवारी शेजारची राहीबाई ताक मागायला आली. जाताना दारात घुटमळली आणि हळूच म्हणाली, "सयाजी, त्या मिसरी हबीबच्या भातात मसूर भिजवून घालायचा का रे तसाच? माझा तसाच ऱ्हातो कच्चा."

सयाजी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला झोपेपर्यंत हसू आवरेना.

रविवारी शिवेवर हंडा चढला. हंड्यापाशी पळी घेऊन गोमाजी बसला होता. गावकीत शब्द त्याचाच चाले आणि राखणीचं मटण गेली तीस वर्षं त्याच्याच हातचं असे. मिठाचा खडा कुणी आपल्या मनानं टाकला तर तो दिवसभर तोंड फिरवून बसे.

"सयाजी," गोमाजी म्हणाला, "तुझ्या पोटात परमुलखाचं अन्न हाय. त्या पोटात देवाची राखण कशी घालायची? काय काय खाल्लंस, सगळ्यांम्होरं कबूल कर."

"कबूल करतो, आजा," सयाजी मान खाली घालून म्हणाला. "पहिलं, डेस्मंडचं कालवण. आधी मटण, मग कांदा, मग बटाटा. आणि वरून चांगला मूठभर मिरचीचा ठेचा."

गोमाजीची पळी थांबली. "ठेचा नाय."

"असतो की. मी तिथं कितींदा खाल्लंय."

"अरे, ठेचा घातलास तर बटाट्याची गोडी ऱ्हायल का?" गोमाजी तावातावानं म्हणाला. "त्ये बिनमिरचीचंच करायचं. पयल्या वाडग्याला पाणचट लागतं. दुसऱ्या वाडग्यापास्नं कळतं."

हंडा रटरटत होता.

"दुसरा वाडगा कुठं खाल्लात, आजा?" सयाजीनं अगदी अदबीनं विचारलं.

"पत्रात लिवलं व्हतं," गोमाजी म्हणाला.

"पत्रात कालवणाच्या दुसऱ्या वाडग्याचं काही नव्हतं," मास्तर म्हणाले. त्यांना आपल्या वाचनावर शंका घेतलेली खपत नसे.

"माझ्याकडं बघू नका," मागच्या रांगेतून चांगू म्हणाला. "मी निस्ता मसूरभात खाल्ला." त्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या शेजारच्या नाथूनं तोंडात पंचा कोंबला, तरी हसू बाहेर आलंच. मग एकेकाची नजर पायाच्या अंगठ्याकडे वळू लागली.

"मग आज पान कुणाकुणाचं मांडायचं?" सयाजीनं विचारलं.

गोमाजीनं पळीनं हंड्याचा तळ खरवडला. म्हणाला, "मांडा सगळ्यांची. मटण करपतंय." सयाजीचं पान त्यानं आपल्या शेजारी मांडायला लावलं, आणि पहिला घास घेण्याआधी कानाशी येऊन विचारलं, शेवयांना नारळाचा रस पहिला काढायचा की दुसरा.

सयाजी छाती काढून घरी आला. आई ओटीवर वाल सोलत होती. त्यानं सगळं रंगवून सांगितलं, गोमाजीला कसं बोलण्यात पकडलं ते दोनदा सांगितलं.

"शाना हायस," आई म्हणाली. "पण गोमाजीकडं बटाटं आलं कुठनं, त्ये इचारलंस?"

"नाही."

"म्हाडच्या बाजारातनं मी आणून दिलं. राहीला मसूरही मीच दिला." तिनं सोललेला वाल सुपात टाकला. "तुझं पयलं पत्र ऐकलं तवाच कळलं, ह्येचं पान उठवणार. म्हून मास्तराला म्हटलं, देवळात वाच, आन मोठ्यानं वाच."

सयाजी तिच्यासमोर बसला आणि वाल सोलायला लागला.

"तीन वर्सं लागली," आई म्हणाली. "गोमाजी लय उशिरा वळला."