फुगलेला खण

मी एक जुने कपाट आहे. कपाट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर आरसा आणि घडी घातलेले कपडे येत असतील. माझ्याकडे त्यातले काहीच नाही. मी उंचीला कमरेइतके, लांबीला दोन माणसे झोपतील एवढे आहे आणि मला बहात्तर खण आहेत. मित्रांनो, या खणांत काय आहे ते कळले, तर माझ्यावर पाण्याचे ग्लास मांडायला तुम्ही धजावणार नाही. पण शिकल्यासवरलेल्या लोकांनी एकदा ते मांडले होते.

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी सुताराने मला सागवानात घडवले. एका बोटाने खण उघडला पाहिजे, अशी त्याला ताकीद होती, आणि तो उघडतही असे. रुग्णाच्या अंगातून गाठ काढली की तिचा नखाएवढा तुकडा प्रयोगशाळेत येई. तो स्पिरिटातून काढून वितळलेल्या मेणात बसवत. मेण थिजले की त्याचा लहानसा ठोकळा होई. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा त्याचा काप काचेवर घेऊन डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि कॅन्सर आहे की नाही ते सांगत. उरलेला ठोकळा माझ्याकडे येई. एक ठोकळा म्हणजे एक माणूस. अशी वीस हजार माणसे मी पोटात सांभाळली आहेत.

ठोकळे करणाऱ्या तंत्रज्ञांना सगळे पेन्सिलकाका म्हणत, कारण त्यांच्या कानावर सदैव पेन्सिल खोचलेली असे. मांसाच्या तुकड्याबरोबर क्रमांकाची कागदी चिठ्ठीही स्पिरिटातून जाई, आणि ती पेन्सिलीनेच लिहायची असा त्यांचा दंडक होता. एका हुशार विद्यार्थिनीला हे ठाऊक नव्हते. तिने वडिलांनी दिलेल्या नव्याकोऱ्या शाईपेनाने अकरा चिठ्ठ्या सुंदर अक्षरात लिहिल्या. स्पिरिटात शाई विरघळली आणि अकरा तुकडे निनावी झाले. मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडू लागली. काका ओरडले नाहीत. नोंदवहीत प्रत्येक तुकड्याचा आकार आणि रंग लिहिलेला असे. दोन दिवस जेवणाची सुट्टीही न घेता त्यांनी एकेक तुकडा ताडून पाहिला आणि अकराच्या अकरा माणसांना त्यांचे क्रमांक परत दिले.

"आता डोळे पूस," ते तिला म्हणाले. "पण एक लक्षात ठेव. इथे नाव पुसलं की माणूस पुसला."

पुढच्याच वर्षी काकांच्या बायकोच्या छातीत गाठ निघाली. तुकडा प्रयोगशाळेत आला तेव्हा सहकारी म्हणाले, "काका, आज तुम्ही राहू द्या, आम्ही करतो." काका म्हणाले, "माझ्याइतका पातळ काप तुम्हाला जमतो का?" त्यांनी स्वतः तो ठोकळा केला आणि चिठ्ठीवर त्या वर्षीचा क्रमांक लिहिला, चारशे बारा. आठ महिन्यांनी काकू गेल्या. त्या छत्तीस वर्षांच्या होत्या आणि त्यांची मुलगी दुसरीत होती. काका रोज संध्याकाळी उरलेले मेण माझ्या खणांच्या कडांना चोळत, म्हणजे खण अडकत नसत. त्या दिवसापासून चाळिसाव्या खणाला, जिथे चारशे बारा होता, थोडे जास्त मेण मिळू लागले.

दहा वर्षांनी जुने ठोकळे नष्ट करावेत, असा नियम होता. काका दरवर्षी "करतो, साहेब" म्हणत आणि दरवर्षी विसरत. इतक्या नेमाने विसरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काका निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. नवी यंत्रे आली, जागा कमी पडू लागली, म्हणून मला मोठ्या सभागृहाच्या भिंतीशी लोटून ठेवले. वरून जाणारा नळ गळू लागला. माझ्यावर रचलेल्या नोंदवह्यांचा लगदा झाला. पाणी आत झिरपले आणि चाळिसावा खण फुगून घट्ट बसला. कुणी विचारले नाही, कुणी पुसले नाही. शेवटी माझ्या अंगावर एक कागद चिकटवला गेला : सोमवारी भंगारात.

त्याच सुमारास काकांच्या मुलीला पस्तिसावे लागले होते. आईचा आजार आपल्या वाट्याला आला आहे का, हा प्रश्न तिला झोपू देईना. शाईवाली विद्यार्थिनी आता कॅन्सरवर संशोधन करणारी नामवंत डॉक्टर झाली होती. मुलगी तिच्याकडे गेली. "एकट्या तुझी तपासणी केली आणि काही सापडलं नाही, तरी मी तुला निश्चिंत राहा म्हणू शकत नाही," डॉक्टर म्हणाली. "दोष तुझ्या आईच्या जनुकांत नेमका कुठे होता, ते आधी कळायला हवं." तिने महाविद्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले की नोंदवह्या भिजल्या आहेत आणि जुने कपाटही आता प्रयोगशाळेत नाही, त्यामुळे ठोकळा शोधता येणार नाही.

भंगाराच्या सोमवारआधीच्या शनिवारी माजी विद्यार्थ्यांचे स्नेहभोजन होते. माझ्यावर पांढरीशुभ्र चादर घालून पाण्याचे ग्लास मांडले. भाषण त्याच डॉक्टरचे होते, विषय कॅन्सर संशोधनाचे भवितव्य. तिने काकांना आणि मुलीलाही आग्रहाने बोलावले होते. ती दोघे अगदी मागे बसली. भाषण सुरू झाले, काका पाणी घ्यायला उठले, आणि चादरीखालून डोकावणारा माझा पाय त्यांना दिसला. त्यावर स्पिरिटच्या दिव्याने भाजल्याचा जुना डाग आहे.

डॉक्टरांसमोर कधी मोठ्याने न बोललेले काका भरसभेत म्हणाले, "बाई, जरा थांबा. आपलं कपाट इथेच आहे!"

"काका, बसा. भाषण चालू आहे," विभागप्रमुख म्हणाले.

"माझं भाषण तेच आहे, सर," म्हणत डॉक्टर व्यासपीठावरून खाली आली.

ग्लास उतरले, चादर निघाली. हाडे कापणाऱ्या एका धिप्पाड सर्जनने चाळिसावा खण ओढून पाहिला, पण तो तसूभर हलेना. कुणीतरी हातोडी आणा म्हणाले. "आतले ठोकळे फुटतील," काका म्हणाले. त्यांनी टेबलावरची मेणबत्ती विझवून घेतली, शेजारचे खण काढले आणि आत हात घालून फुगलेल्या कडांना ती चोळत राहिले. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. ज्याने मला जपले, त्याचीच ठेव मी अडवून बसलो होतो. मी जमेल तेवढे अंग चोरले. खण करकरला आणि बाहेर आला.

चिठ्ठ्या पिवळ्या पडल्या होत्या, पण पेन्सिलीचा एक आकडाही पुसला नव्हता. काकांनी चारशे बारा उचलून मुलीच्या तळहातावर ठेवला.

"ही आई?" तिने विचारले.

"हो," काका म्हणाले, आणि इतक्या वर्षांनी तिथेच रडले.

डॉक्टर परत ध्वनिक्षेपकापाशी गेली. "हा ठोकळा ठेवला तेव्हा आजच्या तपासण्या कुणाच्या स्वप्नातही नव्हत्या," ती म्हणाली. "उद्या आपण काय शोधू, ते मला माहीत नाही. शोधायला काही शिल्लक ठेवलंय का, एवढंच विचारते." मग ती खाली बसली. सोमवारी भंगारवाला रिकाम्या हाताने परत गेला.

आईच्या ठोकळ्यात दोष सापडला. तोच मुलीतही निघाला. म्हणून तिची बारकाईने तपासणी झाली आणि हाताला लागणारही नाही अशी, मुगाच्या दाण्याएवढी गाठ दिसली. ती लगेच काढली. याला आता तीन वर्षे झाली.

मी हल्ली कोरड्या खोलीत असतो. तुम्हाला एवढेच सांगतो, मित्रांनो : काही जपून ठेवाल तर त्यावर न पुसणारे नाव लिहा, आणि कुणाचे काही फेकण्याआधी ते एकदा उघडून बघा.

मुलीच्या गाठीचा ठोकळा चाळिसाव्या खणातच आहे. चिठ्ठी काकांनीच पेन्सिलीने लिहिली. वर्षातून एकदा, तपासणी झाली की मुलगी येते. एका बोटाने खण उघडते, आईच्या चिठ्ठीशेजारची स्वतःची चिठ्ठी पाहते. मग खण बंद करते आणि घरी जाते.