पहिलं चाटण

पलवशानं मधाची बरणी पिठाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून खाली दाबली आणि वरचं पीठ तळव्यानं सारखं केलं. इमल लहान असताना ती गूळही इथंच लपवायची. तो आणि तिच्या बहिणीचा मुलगा जानस मिळून हुडकायचेच, आणि मग पांढऱ्या नाकांनी "आम्ही नाही, आम्ही नाही" करत अंगणात उभे राहायचे.

तोच जानस आज तिचा जावई होता. पहाटे तिच्या स्पोगमईला मुलगा झाला होता.

"मावशी, मध कुठाय?" जानसनं दारातून विचारलं. खांद्याला बंदूक, डोळे जागून लाल झालेले.

"संपला."

"मधमाश्या पाळणाऱ्याच्या घरात मध संपला?"

"मग काय मी पिऊन टाकला? पेट्या रिकाम्या आहेत. विचार जा तुझ्या काकांना."

"हकयारसाहेब दुपारी येताहेत. चाटण त्यांच्याच हातून द्यायचं ठरलंय. तोवर पोराला दूधही नाही."

"कुणी ठरवलं?"

जानसनं बंदुकीचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि तो उगाच बाळाकडे बघत राहिला.

त्या खोऱ्यात ज्याच्या बोटानं पोराला पहिला मध मिळतो, त्याचा स्वभाव पोरात उतरतो. याबद्दल तिथं कुणाला शंका नाही, पलवशाला तर मुळीच नाही. इमल जन्मला तेव्हा तिचा नवरा मेहरदिल, म्हणजे जानसचे काका, मधमाश्यांच्या पेट्या घेऊन खाली बोरीच्या रानात गेला होता. घरी पाहुणा म्हणून एक नावाजलेला लढवय्या उतरला होता, त्यानं बोट लावलं. केवढा मान वाटला होता तिला! शेजारणींना सांगता सांगता तोंड दुखलं होतं. अठराव्या वर्षी इमल लढाऊ संघटनेचा म्होरक्या अमीर सैफूर याच्या माणसांत गेला आणि चार महिन्यांनी घोंगडीत बांधून परत आला. घोंगडीचं एक टोक जानसनं धरलं होतं.

बारा दिवसांपूर्वी आभाळातून क्षेपणास्त्र आलं आणि सैफूर मेला. संघटनेचं कंबरडं मोडलं, असं रेडिओवर सांगितलं. पलवशानं दार लावून घेतलं आणि तूप सढळ घालून शिरा केला.

"सुटलो हो एकदाचे," ती मेहरदिलला म्हणाली.

तो पेटीच्या चौकटीवरचं मेण खरवडत होता. "इमलची आई, राणी मेली की पेटीत काय होतं, इतकी वर्षं बघतेस ना?"

"माश्या सैरभैर होतात."

"एखादा दिवस. मग एखादी साधीच अळी निवडतात आणि तिला वेगळं भरवायला लागतात. पंधरवड्यात नवी राणी." त्यानं सुरी खाली ठेवली. "अळी इतरांसारखीच असते गं. भरवणं वेगळं."

"तुमच्या माश्या गेल्या खड्ड्यात," असं म्हणून तिनं शिऱ्याची ताटली त्याच्यापुढे आदळली.

पंधरवडाही लागला नाही. पाचव्या दिवशी सैफूरचा चुलतभाऊ हकयार त्याच्या जागी आला. मातीला गेलेली पोरं परत आली ती बंदुका मागत. वरच्या वस्तीत दोन बाळांची नावं सैफूर ठेवली गेली. शिरा केला त्याची पलवशाला आता लाज वाटत होती. आपण किती भोळ्या, असं तिला वाटायचं.

म्हणून तिनं मनाशी बेत केला होता. जानस पाहुण्यांना आणायला रस्त्यावर गेला की मागच्या दारानं मेहरदिलला आत बोलवायचं आणि त्याच्याकडून चाटण द्यायचं. आयुष्यात मुंगीवर पाय न दिलेला माणूस तो. पण जानस घरातून हलेना.

"आण त्याला इकडे," तो म्हणाला. "काकांना दाखवून आणतो. ते खाली पेट्यांपाशी अडकलेत."

"दुपट्यात नीट गुंडाळ. आणि लवकर ये."

पाहुण्यांसाठी वीस नान भाजायचे होते. ती तंदुराशी जाऊन बसली. परत आली तेव्हा बाळ आईच्या कुशीत होतं. एवढा वेळ रडून घर डोक्यावर घेणारं पोर गाढ झोपलं होतं.

"गप्प कसा झाला गं?"

"बाबांनी गप्प केला," स्पोगमई वर न बघता म्हणाली.

तेवढ्यात बाहेर गाड्यांचे आवाज झाले. दुपारचे पाहुणे सकाळीच आले होते. पलवशाच्या हातातली टोपली सुटली, नान जमिनीवर पसरले. संपलं सगळं, तिला वाटलं. दुसराही गेला.

"मावशी!" बैठकीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं जानस दारातून ओरडला. "मध काढ! पोरानं अजून काही चाखलेलं नाही!"

तिनं पिंपावरचं झाकण काढलं आणि हात तसाच राहिला. तळव्यानं सारखं केलेलं पीठ आता विस्कटलेलं होतं. मेला चोर! हुडकलाच त्यानं, त्या हकयारसाठी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बरणी उपसली. तोंडावरच्या फडक्याची गाठ तिच्या हातची नव्हती, आणि काठावरून मधाचा एक ओघळ खाली आलेला होता.

ती बाळाजवळ गेली, वाकली आणि निरोप घ्यावा तसा तिनं त्याच्या ओठांचा मुका घेतला.

ओठ गोड होते. गालाला गोवऱ्यांच्या धुराचा वास होता. माश्यांना धूर दाखवून दाखवून मेहरदिलच्या बोटांत तो कायमचा मुरला होता.

पलवशानं मान वर केली. जानस दारात उभा होता. उजव्या बाहीला कोपरापर्यंत पीठ लागलेलं.

तिनं बाळ त्याच्या हातात दिलं, बरणी दिली. तो वळणार तोच तिनं त्याची बाही पकडली आणि झटकली, एकदा, दोनदा, पार पांढरेपण जाईपर्यंत. जानसच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, गूळ चोरताना व्हायच्या तशा.

"एवढा बाप झालास," ती हळूच म्हणाली, "पण तुला अजून धड चोरी येत नाही."

बाळाला छातीशी धरून तो बैठकीकडे गेला.

पडद्याआडून दोघी मायलेकी ऐकत राहिल्या. दुआ झाली. नाव पुकारलं गेलं, सैफूर. बंदुकीचे बार झाले. मग हकयारचा हसरा आवाज आला.

"अरे, हा तर तोंड फिरवतोय! मध नको म्हणतो!"

"भूक नसेल, अमीरसाहेब," जानस म्हणाला.