तोंडात सिमेंट

मी क्रशर बोलतोय. बर्फाच्या लाद्या फोडणारा. कामाचा गडी आहे, गोड बोलणं मला येत नाही.

मिरकरवाडा बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं राबलो. वरून लादी टाकली की खालून चुरा. ट्रॉलरवाले रांग लावायचे. सत्यवती लाद्या माझ्या तोंडात लोटायची. तिचा हात कधी चुकला नाही, माझा दात कधी मोडला नाही.

कारखाना बंद पडला. मालकाचा मुलगा केतन, त्याने तिथे कॅफे काढला. शेजारच्या जाळ्यांच्या गोदामात आता सुगंधी साबण विकतात. येणारे म्हणतात, "काय मस्त एरिया आहे!" आणि मासळीचा वास आला की नाकाला रुमाल लावतात. बंदरावर येऊन वास कसला हवा, मोगऱ्याचा?

मला पिवळा रंग फासला. डोक्यावर कुंडी ठेवली. लोक टेकून फोटो काढतात. सत्यवती आता तिथेच कप विसळते.

परवा दुपारी गंगाराम तांडेल टेम्पोत लाद्या घेऊन दारात आला. बंदरावरचा क्रशर अडकला होता.

"केतन, तासभर हा चालू कर रे. बोटीतला बर्फ संपला, सुरमई नरम पडायला लागली. आठ दिवसांची मेहनत आहे."

"काका, वायर जोडतो लगेच."

मला खरंच बरं वाटलं.

सत्यवती हात पुसत आली. "वायर काय जोडतोस? कुंडी हलू नये म्हणून त्याच्या तोंडात सिमेंट कोणी भरलं?"

केतनने कुंडी ओढून पाहिली. हलली नाही.

"तुझ्या बापाने याच्यापुढे नारळ फोडल्याशिवाय हंगाम सुरू केला नाही," गंगाराम म्हणाला. "आणि तू झाड लावलंस?"

"भांडण मागून करा. घण काढा आधी," सत्यवती म्हणाली.

अंगणात गोणपाट टाकून तिघांनी लाद्या फोडल्या. केतनचा घण लादीवर कमी, फरशीवर जास्त. गिऱ्हाइकं व्हिडिओ काढत होती. एक बाई म्हणाली, "रोज असतं का हे?"

"नाय गो बाय. रोज मशीन होतं," सत्यवती म्हणाली.

अर्धी सुरमई वाचली. बाकीची खताला गेली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. दात शाबूत, मोटर शाबूत. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

केतन वाईट नाही. त्याने मला भंगारात घातलं नाही. पण म्हाताऱ्याला मानाची खुर्ची द्यावी आणि तिलाच बांधून ठेवावं, तसं केलं. कुणाचं तोंड बुजवण्याआधी त्याला एकदा विचारावं, अजून काम जमतं का?

जमतं. छिन्नी आणा.